ह्यूस्टनचं अंत्यविधी संग्रहालय पाहून आलो, आणि आमच्या गल्लीतला वैकुंठरथ आठवला

गोदाकाठचा_फिटर

लेक ह्यूस्टनला असते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पाच महिने तिकडे होतो, गेल्या आठवड्यात नाशिकला परतलो. तिकडे बरंच पाहिलं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही अशी जागा एकच: नॅशनल म्युझियम ऑफ फ्युनरल हिस्टरी. अंत्यविधींच्या इतिहासाचं खासगी संग्रहालय. मी जायचं नाव काढलं तेव्हा हिने स्पष्ट सांगितलं, "घरात सोयर आहे. बारसं होईपर्यंत त्या दाराला शिवायचं नाही." बरोबरच होतं तिचं. बारसं झालं आणि पुढच्या शनिवारी जावयांनी मला तिथे सोडलं.

१९९२ मध्ये रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी हे संग्रहालय उघडलं. अंत्यविधीचं काम हा त्यांच्या घरचाच व्यवसाय, पुढे तो त्यांनी फार मोठा वाढवला. मी आयुष्यभर सातपूरला फिटर म्हणून काम केलं, त्यामुळे पाट्या वाचायच्या आधी मी गाड्यांच्या खाली वाकून पाहू लागलो. घोड्यांच्या शवगाड्या आहेत, बाजूंना काचा. नंतरच्या मोटारींच्या अंगावर पडदे आहेत, पण ते कापडाचे नाहीत, लाकडाचे. चुण्या, गोंडे, झालर, सगळं पटाशीने काढलेलं. १९२१ सालची रॉकफॉल्स कंपनीची गाडी आहे, तिच्यासमोर मी अर्धा तास उभा होतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब ज्यांनी पाहिलेत, त्यांना कळेल मी काय म्हणतो ते.

शवगाडीच्या तळाला रोलर बसवलेले असतात. पेटी टेकवली की हाताच्या जोराने अलगद आत सरकते. मग दोन्हीकडचे खुंट आवळायचे, म्हणजे वळणावर पेटी हलत नाही. किती साधी युक्ती, पण कुणीतरी विचार केला की आतल्या माणसाला धक्का लागू नये. पांढऱ्या रंगाच्या शवगाड्या लहान मुलांसाठी असत, हे वाचलं आणि त्या दिवशी माझ्याच्याने तिथे थांबवेना.

१९१६ ची पॅकार्ड कंपनीची एक बस आहे. पेटी, खांदेकरी आणि वीसेक नातेवाईक, सगळी अंत्ययात्रा एकाच वाहनात. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या चढावर भार मागे जाऊन उलटली आणि तेव्हापासून वापरातून गेली, असं तिथे सांगतात. तीन माणसांसाठी केलेली एक शवपेटी आहे. मूल गेल्यावर एका आईबापाने तिघांसाठी मिळून करवून घेतली होती. पुढे त्यांचा विचार बदलला आणि पेटी रिकामीच राहिली. आफ्रिकेतल्या घाना देशातल्या टेशी गावचे सुतार काने क्वेई यांच्या घराण्याच्या पेट्यांसाठी एक दालन आहे. कोंबडी, मासा, मर्सिडीज गाडी अशा आकारांच्या. कोळ्याला मासळीतून न्यायचं, ही त्यांच्याकडची मानाची पद्धत.

आता मूळ मुद्दा. आमच्या जुन्या नाशकातल्या गल्लीत कुणी गेलं की पहिली हाक माझ्या वडिलांना यायची. रात्री दोन वाजता दार वाजलं तरी दादा एका शब्दाने विचारायचे नाहीत. डोक्याला उपरणं बांधून निघायचे. बांबू आणणं, तिरडी बांधणं, मडकं, शेणी, सगळं त्यांच्याकडे. गल्लीच्या मंडळाने वर्गणीतून एक वैकुंठरथ केला होता, हाताने ढकलायचा. चार चाकं, वर पत्र्याची कमान, हिरवा रंग, बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'श्रीराम जय राम जय जय राम'. म्हातारी माणसं जास्त झाली, खांदा द्यायला तरुण मिळेनात, म्हणून केला.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. फोन केला, दुकानातून तयार तिरडी आली. दादांच्या घरात, दादांच्या बायकोसाठी, तिरडी बांधता येणारं कुणी नव्हतं. मी लोखंडाला हजार प्रकारे जोडलंय, पण ते दोन बांबू माझ्या हातांना माहीत नव्हते. ह्यूस्टनला त्या रोलरवर हात ठेवला तेव्हा मला तेच आठवत होतं.

त्या रथाचं काय झालं, कुणाला माहीत आहे का? आणि आपल्या गावात, जिथे अख्ख्या महाराष्ट्रातून लोक अस्थी घेऊन येतात, तिथे याची काहीच नोंद कुठे असू नये का?

मखमलाबाद_नाका

वाचून गलबललं. आमच्याकडेही आजोबांच्या वेळी तयारच आली होती, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली.

पंचवटीकर

मन दुखावू नका, पण मला पटत नाही. आपल्याकडे या वस्तू ठेवायच्याच नसतात. तिरडी स्मशानातून घरी परत येत नाही. मडकं फोडायचं. राख नदीत. ज्या दगडावर दहा दिवस पाणी सोडतो तो अश्मासुद्धा दहाव्याला पाण्यात जातो. काही उरू द्यायचं नाही, कारण उरलं तर जाणाऱ्याचा पाय निघत नाही, असं आमच्या आजीचं म्हणणं. त्यांच्याकडे माणूस पुरतात, त्यावर दगड उभारतात, म्हणून त्यांची संग्रहालयं होतात. आपली रीत सोडून देण्याची आहे. तिरडी काचेच्या कपाटात ठेवली तर ती तिरडी राहील का?

गोदाकाठचा_फिटर

@पंचवटीकर, दुखावलं अजिबात नाही. तुमचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. तिरडी ठेवू नये, हे मलाही मान्य. पण बांधायची कशी, हे ठेवायला नको? वस्तू मोडण्यासाठीच केलेली असेल तर दर वेळी ती नव्याने करता आली पाहिजे. आणि रथ तर मोडायचा नव्हताच, तो दर वेळी परत येऊन धुऊन उभा राहायचा.

एक गोष्ट सांगायची राहिली. इंग्रजीत शवगाडीला 'हर्स' म्हणतात, तो शब्द शेतातल्या अवजारापासून आला. फ्रेंच भाषेत 'हर्स' म्हणजे ढेकळं फोडायचं दात्यांचं अवजार. चर्चमध्ये मृतदेहावर मेणबत्त्या लावायला खिळ्यांची चौकट धरायचे, ती त्या अवजारासारखी दिसे. आधी चौकटीला ते नाव पडलं आणि शेवटी गाडीला.

निफाडची_द्राक्षबाग

म्हणजे आपलं दंताळंच की! आमच्याकडे मळ्यात कुणी गेलं तर बैलगाडीतून नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेतात. गावचं स्मशान तीन किलोमीटर. वडिलांना त्यांच्याच ट्रॉलीतून नेलं, ज्यातून ते पिंपळगावला टोमॅटो न्यायचे. तुमचं ते घानाच्या माशाचं वाचलं आणि ते आठवलं. दारावर आलेले लोक म्हणाले, गाडी तरी भाड्याने आणायची होती. आईने सांगितलं, "त्यांच्या गाडीतून गेले ते, दुसऱ्याच्या कशाला?"

शरणपूर_रोड

नाशिक आणि अंत्ययात्रांचा इतिहास म्हणाल, तर जगातल्या फार मोठ्या एका अंत्ययात्रेत नाशिकला शिकलेला मुलगा होता. हे इथे फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं. अरबी समुद्रात इंग्रजांचं आरमार गुलामांची जहाजं पकडायचं, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यातली बरीच शरणपूरला आली. इथे त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं गेलं. इंग्रजी पुस्तकांत ही मुलं 'नासिक बॉईज' म्हणून येतात. आफ्रिकेचा शोध घेणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ च्या शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर नाशिकची नऊ मुलं होती. जेकब वेनराइट नावाचा आणखी एक जण, याओ जमातीचा, १८७२ मध्ये हेन्री स्टॅन्ली या पत्रकाराने पाठवलेल्या तुकडीतून त्यांना जाऊन मिळाला.

मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबो गावी वारले. बरोबरच्या माणसांनी ठरवलं, यांना यांच्या देशात पोचवायचं. कुणी हुकूम दिला नव्हता. चुमा आणि सुसी हे दोघे म्होरके. त्यांनी काळीज आणि आतडी काढून पेटीत घालून झाडाखाली पुरली. तेव्हा प्रार्थनेचं पुस्तक उघडून जेकबने अंत्यविधीचे शब्द वाचले आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टन यांचं नाव कोरलं. देह मिठाने आणि उन्हाने सुकवला, पाय गुडघ्यात दुमडले, कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवला, वरून शिडाचं कापड शिवलं आणि खांबाला बांधला. पुढचे नऊ महिने, हजार मैलांहून जास्त वाट, खांद्यावर. वाटेत लोक प्रेत गावातून नेऊ देईनात, तेव्हा खोटंच पुरल्याचं दाखवून त्यांनी देह मालाच्या गाठोड्यासारखा पुन्हा बांधला.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते आजच्या टांझानियातल्या बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. पुढे इंग्लंडपर्यंत देहाबरोबर गेला तो जेकब. देह त्यांचाच कशावरून? तर तीस वर्षांपूर्वी सिंहाने डावा दंड फोडला होता, ते हाड वेडंवाकडं जुळलेलं, सर विल्यम फर्ग्युसन या शल्यविशारदांनी तपासून ओळखलं. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं. शवपेटी धरणाऱ्यांत जेकब वेनराइट होता.

आपण शरणपूर रोडवरून रोज जातो, सिग्नलला थांबतो, कॉफी पितो. मला त्या मुलाचे खांदे आठवतात.

सातपूर_ते_सिडको

शरणपूर रोड, शाळेत हे का शिकवत नाहीत? मुलीला आत्ता वाचून दाखवलं, तिने नकाशा उघडून बागामोयो शोधलं.

रंकाळ्याची_लेक

माहेर कोल्हापूर, सासर नाशिक. मग आमच्या राजाराम महाराजांचंही सांगते. युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते इटलीत फ्लॉरेन्स इथे वारले. वय जेमतेम वीस. तिथल्या शहरात उघड्यावर दहन करायची परवानगी कुठली! तरी बरोबरच्या लोकांनी ती मिळवली आणि आर्नो व मुग्नोने या दोन नद्यांच्या संगमावर, नदीकाठी, त्यांना अग्नी दिला. दोन नद्या मिळतात तीच जागा शोधून काढली, यातच सगळं आलं. तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलाला आजही 'इंडियन माणसाचा पूल' अशा अर्थाचं नाव आहे. इंग्लंडमध्ये वोकिंगच्या दाहिनीत पहिलं दहन झालं ते १८८५ साली, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी.

वहीतली_सून

मी रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या घरात सून म्हणून आले, तेवीस वर्षं झाली. पंचवटीकर म्हणतात की आपण काही उरू देत नाही. माझ्या सासऱ्यांच्या कपाटात जे आहे ते मग काय?

आमच्याकडे वह्या आहेत, लांब, उभ्या उघडणाऱ्या. यजमान आले की पहिला प्रश्न, मूळ गाव कोणतं? राहता कुठे हे नाही. तुम्ही बोरिवलीला राहा नाहीतर बोस्टनला, वही निघते ती गावाच्या नावाने. मग आडनाव, मग कूळ. जुन्या नोंदी मोडीत. कोण आलं, कुणाच्या अस्थी, शके अमुक, तिथी तमुक, बरोबर कोण होतं, मुलगे किती, त्यांची नावं. खाली सही. सही येत नसेल त्यांचा अंगठा, आणि फार जुन्या काही नोंदींखाली नांगराची निशाणी.

बापाच्या अस्थी घेऊन आलेला पन्नाशीचा माणूस वही उघडल्यावर कसा होतो, ते मी अनेकदा पाहिलंय. आजोबांची सही दिसते. त्याच्या बापाने, पंचवीस वर्षांचा असताना, याच ओट्यावर बसून स्वतःच्या बापासाठी लिहिलेलं अक्षर दिसतं. आणि त्याच्या खालच्या ओळीत त्याचंच नाव असतं, 'चिरंजीव, वय वर्षे तीन'. रडू आवरलेली माणसं तिथे फुटतात.

एक खंत आहे, लिहूनच टाकते. लेकी-सुनांची नावं जुन्या पानांत फार कमी. 'मातोश्री', 'कुटुंब', एवढंच. आता मी स्वतः नोंद घेते तेव्हा मुलींची नावं विचारून लिहिते. सुरुवातीला सासरे काही बोलले नाहीत. आता तेच विचारतात, "लेकी किती?"

२००८ च्या पुरात रात्रीतून आम्ही सगळ्या ट्रंका माळ्यावर चढवल्या. धान्य खाली राहिलं, भिजलं. आधी वह्या.

पंचवटीकर

वहीतली_सून, नमस्कार करतो तुम्हाला. हे लिहिताना माझ्या मनात वह्या आल्याच नाहीत, कारण त्या मी कधी 'वस्तू' म्हणून पाहिल्या नव्हत्या. माझा आग्रह एवढाच होता की मृत्यूचं प्रदर्शन होऊ नये. नोंद वेगळी.

गंगापूर_रोड_मावशी

पुरुषमंडळी तिरडीचं बोलताहेत. तिरडीवर ठेवायच्या आधीचं कोण लिहिणार? आमच्या आळीत एक आजी होत्या, बाई गेली की त्यांना बोलावणं जायचं. कोमट पाणी, अंगाला हळद. दरवाजा लोटून घेऊन फक्त बायका. अंघोळ घालताना आजी गेलेल्या बाईशी बोलायच्या, "हात वर कर गं, झालंच आता," असं. सवाष्ण असेल तर हिरवी साडी, मळवट भरायचा, ओटी भरायची, हातात हिरव्या बांगड्या. केस विंचरून अंबाडा सैल घालायचा, घट्ट नाही, मान टेकते ना. मी चौदा वर्षांची असताना पाण्याची बादली धरून उभी होते. भीती वाटली नाही, आजींच्या बोलण्यामुळेच वाटली नसावी. आता दवाखान्यातूनच सगळं बांधून येतं आणि घरात अर्धा तास ठेवतात. तोंडाला पाणी लावलं की निघालं.

गोदाकाठचा_फिटर

मावशी, आईच्या वेळी हिने आणि माझ्या बहिणीने दार लोटून घेतलं होतं. आत काय झालं ते मी कधी विचारलं नाही. तुमचं वाचून आज विचारलं. दोघींना कुणी शिकवलं नव्हतं. ही म्हणाली, "आईंना नेहमी गार पाण्याचा त्रास व्हायचा म्हणून पाणी मी दोनदा तापवलं."

शववाहिका_चालक

मी इथे फक्त वाचतो, कधी लिहीत नाही. आज लिहितो.

सोळा वर्षं शववाहिका चालवली. फिटर साहेबांनी रोलरचं लिहिलं ते अगदी खरं. आपल्याकडच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी स्टीलचा सपाट तळ असतो, धुवायला सोपा म्हणून. पण स्ट्रेचर त्यावर घसरतं, ब्रेक मारला की पुढे येतं. मी घरची सतरंजी चौघडी करून खाली टाकायचो आणि दोन्ही बाजूंना तांदळाच्या पोत्याचे तुकडे गुंडाळून अडकवायचो. कुणी सांगितलं नव्हतं. मागे बसलेल्या मुलाला बापाचं डोकं हललेलं दिसू नये, एवढंच मनात.

जुन्या गावात गाडी आत जात नाही. तोंडाशी उभी करायची आणि मंडळी खांद्यावर घेऊन येतात. गाडीच्या आधीचे ते दोनशे पावलं, तीच त्यांची खरी अंत्ययात्रा असते. म्हणून मी कधी हॉर्न दिला नाही, मागे रिक्षा कितीही वाजवू देत.

२०२१ च्या एप्रिलात एका दिवसात नऊ फेऱ्या केल्यात. घरचं कुणी नाही, खांदा नाही, मडकं नाही. घरच्यांचा फोन यायचा, भाऊ, जरा तोंड दिसेल का? तोंड दाखवता यायचं नाही. मी मोबाइल धरून अमरधामच्या दारापासून चितेपर्यंत चालायचो, त्यांना वाट दिसावी म्हणून. नाव मोठ्याने घ्यायचो. मग प्रत्येकाला दोन थेंब गंगेचं पाणी. बाटली गाडीतच असायची, रामकुंडावरून भरून आणलेली. ती बाटली अजून माझ्या घरी आहे. रिकामी आहे. टाकवत नाही.

वहीतली_सून

दादा, त्या दिवसांत पुढे जे अस्थी घेऊन आले, त्यांच्या नोंदीत 'अग्नी कुणी दिला' याला उत्तर नसायचं. आम्ही जागा कोरी सोडली आहे. तुमच्यासारख्यांनी दिला असणार. तुमचं नाव चालेल का लिहायला?

शववाहिका_चालक

नाव नको ताई. 'नाशिककर' लिहा.

गोदाकाठचा_फिटर

काल रात्री हे वाचून झोप लागली नाही. दादा, एक सांगतो. अमेरिकेत फार वर्षं शवगाडी आणि रुग्णवाहिका एकच असायची. अंत्यविधी करणाऱ्यांकडेच लांब गाडी असे, म्हणून आजाऱ्यालाही तेच दवाखान्यात नेत. १९७० च्या दशकात रुग्णवाहिकांचे नियम कडक झाले तेव्हा हे मागे पडलं. संग्रहालयातून घरी आल्यावर जावयांशी यावर बोलत होतो, माणसाला पडू न देता नेणं, मग तो श्वास घेत असो वा नसो, हे एकच काम आहे. तुमची सतरंजी मला त्या सगळ्या कोरीव पडद्यांपेक्षा मोठी वाटते.

तालमीतला_पोरगा

फिटर काका, तुम्ही सांगता तो हिरवा रथ मी लहानपणी पाहिलाय! तालमीच्या मागे, भिंतीला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये. आम्ही लपाछपी खेळताना तिकडे गेलं की मार बसायचा. शेड अजून आहे. कुलूप आहे, पण मागून पत्रा वाकलाय, आत हिरवं काहीतरी दिसतं. शनिवारी याल का?

निफाडची_द्राक्षबाग

फोटो टाका, वाट बघतोय.

गोदाकाठचा_फिटर

शनिवारी गेलो. मंडळाच्या सध्याच्या अध्यक्षांनी स्वतः येऊन कुलूप उघडलं, पाया पडून आत गेले. रथ आहे.

फोटो मी मुद्दाम टाकत नाही. पंचवटीकर, तुमचं म्हणणं मला त्या दारात उभं राहिल्यावर नीट कळलं. मापं मात्र घेतली. लांबी साडेसात फूट, रुंदी अडीच, तळाची उंची कमरेएवढी, म्हणजे खांद्यावरून उतरवताना वाकावं लागत नाही. सांगाडा लोखंडी अँगलचा. चाकं हातगाडीची, लाकडी, वर लोखंडी धाव आणि धावेवर ट्यूबच्या रबराची पट्टी चढवलेली. ती पट्टी कशासाठी, हे मला लगेच कळलं नाही. अध्यक्षांच्या आईंनी सांगितलं. आमच्या गल्लीत दगडी फरशी होती. रात्रीच्या मयताला लोखंडी चाकांचा खडखडाट व्हायचा, आजूबाजूची लहान मुलं दचकून उठायची. म्हणून दादांनी जुन्या ट्यूबा कापून चढवल्या.

मी आख्खं आयुष्य त्या माणसाबरोबर राहिलो आणि हे मला सत्तर किलोमीटर नव्हे, सत्तर पावलांवर राहणाऱ्या बाईंकडून कळलं.

पुढचा आस गंजलाय, एक चाक बसलंय. अध्यक्ष म्हणाले, दुरुस्त करता का? करतो म्हणालो. रंग तोच हिरवा. अक्षरं पुसट झाली आहेत पण वळण दिसतं, त्यावरूनच ब्रश फिरवीन, नवी काढणार नाही.

आता तिरडीचं. बांधता येणारं कुणी उरलंय का आपल्यात?

आडगावचे_आजोबा

नातू टाइप करतोय, मी सांगतोय. वय एक्याऐंशी. आमच्या गावात चाळीस वर्षं मी बांधली.

बांबू दोन, ओले, सरळ, एका जाडीचे. वाळका घेऊ नका, तडकतो. माणसाच्या उंचीपेक्षा दोन हात लांब, म्हणजे पुढे-मागे खांद्याला हात-हातभर मिळतो. दोन बांबूंत अंतर दीड हात. अंगाने भरलेला माणूस असेल तर चार बोटं जास्त. आडव्या काठ्या सात. सारख्या अंतरावर नाही बांधायच्या. वजन कमरेला असतं, तिथे दोन जवळजवळ, खांद्याखाली दोन. वर कडबा किंवा गवत, त्यावर पांढरं कापड. सुतळी दुहेरी. आधी बांबूला दोन वेढे, मग आडव्या काठीवरून फुलीसारखा, पुन्हा बांबूला, आणि गाठ खालच्या अंगाला. वर गाठ येऊ द्यायची नाही, पाठीला टोचते.

कुणी म्हणेल गेलेल्याला काय टोचणार. बांधणाऱ्याने तसं म्हणू नये.

बांधताना बोलायचं नाही. विसाव्याला खाली ठेवली की पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे, म्हणून दोन्ही टोकं सारखी मजबूत पाहिजेत. पुष्कळ जण पायाकडची बाजू ढिली ठेवतात, ती चूक.

गोदाकाठचा_फिटर

आजोबा, साष्टांग नमस्कार. मी आज दुपारी वर्कशॉपमध्ये दोन पाइप आणि सुतळी घेऊन बसलो होतो. फुलीचा वेढा जमला. गाठ खाली घेताना सुतळी सैल पडते, कारण पाइप उचलून धरायला दुसरा हात राहत नाही. तुम्ही एकट्याने बांधायचात की समोर कुणी धरायला असायचं?

आडगावचे_आजोबा

समोर एक जण लागतोच. गुडघ्यावर बांबू घेऊन बसायचा. बहुतेक घरचाच मुलगा किंवा पुतण्या असायचा, त्याला काहीतरी काम मिळावं म्हणून आम्हीच बसवायचो. रविवारी सकाळी या आडगावला, बांबू मी तोडून ठेवतो. तालमीतल्या त्या पोराला बरोबर आणा.